मथुरेजवळच्या हत्ती संगोपन केंद्रातला एक दिवस

आंबेगावकर | रविवार, १८ जानेवारी २०२६, रात्री ९.४०

मथुरा-वृंदावनला जाणारी मराठी कुटुंबे बहुधा पुढे आग्र्याला ताजमहाल पाहून परततात. आम्हीही याच बेताने निघालो होतो. परंतु या दोन शहरांच्या मधे, महामार्गापासून थोडे आत, चुरमुरा नावाचे गाव आहे आणि तिथे वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेचे हत्ती संगोपन केंद्र २०१० पासून चालू आहे, हे निघण्यापूर्वी एका मैत्रिणीने सांगितले. सर्कशीतून, भीक मागण्याच्या धंद्यातून, लग्नाच्या वरातींतून आणि मिरवणुकींतून सोडवून आणलेले हत्ती तिथे आयुष्याचा उरलेला काळ घालवतात. आम्ही सहलीतला एक दिवस त्यासाठी राखून ठेवला. त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले, कारण मराठीत या जागेची माहिती फारशी वाचनात आली नाही.

आयत्या वेळी जाऊन प्रवेश मिळत नाही, आधी नोंदणी करावी लागते. आम्ही पुण्याहून निघण्यापूर्वीच ती केली होती. जानेवारीतले धुके इतके दाट होते की आग्र्याहून सकाळी निघालेली आमची गाडी बराच वेळ बैलगाडीच्या वेगाने चालली होती, तेव्हा हिवाळ्यात जाणाऱ्यांनी सकाळची अगदी पहिली वेळ घेऊ नये.

माझ्या सासूबाईंच्या दृष्टीने हत्ती म्हणजे साक्षात गणपती. त्यांनी आदल्या दिवशी मथुरेत घेतलेल्या पेढ्यांचा एक पुडा मुद्दाम हत्तीसाठी बाजूला ठेवला होता. फाटकापाशी तिथल्या कार्यकर्तीने तो नम्रपणे ठेवून घेतला आणि परत जाताना न्यायला सांगितले. सासूबाईंना वाईट वाटलेले दिसताच तिने त्यांना शेजारी बसवून लक्ष्मी नावाच्या हत्तिणीची हकिगत सांगितली. ही लक्ष्मी आपल्या मुंबईची. रस्तोरस्ती भीक मागत फिरवली जात असताना लोक तिला श्रद्धेने वडापाव, मिठाई, तळलेले पदार्थ खाऊ घालत असत. २०१३ मध्ये तिला सोडवले तेव्हा तिचे वजन भलतेच वाढलेले होते आणि त्या वजनाने तिचे सांधे दुखावले होते. तिला पुढे मोजका आहार आणि रोजचे चालणे यांवर ठेवावे लागले. त्याच वर्षी जूनमध्ये मुलुंडला रस्त्यात कोसळलेली बिजली नावाची हत्तीण अनेकांच्या स्मरणात असेल, तिला वाचवता आले नव्हते. सासूबाई सारे ऐकून घेऊन एवढेच म्हणाल्या, "आम्ही दारात आलेल्या हत्तीला लाडू दिलेत गं, पुष्कळदा दिलेत." त्यानंतर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

आत गेल्यावर प्रथम जाणवते ती शांतता. मोकळ्या मातीची मोठी कुंपणे, प्रत्येकात पाण्याचे डबके, आणि मधे मातीचे उंच ढिगारे. हे ढिगारे कशासाठी, असे माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने विचारले. संधिवाताने पाय आखडलेल्या हत्तीला सपाट जमिनीवर आडवे झाल्यास पुन्हा उठता येईल की नाही याची धास्ती असते, म्हणून असे हत्ती वर्षानुवर्षे उभ्यानेच झोपतात. ढिगाऱ्याच्या उतारावर अंग टेकले की भार मातीवर पडतो, पाय सुटतात, आणि उठणेही जमते. आमच्यासमोरच एक म्हातारी हत्तीण हळूहळू उताराला लागली, अंगाचा अंदाज घेत टेकली आणि तिने डोळे मिटले. तिच्या पाठीवर कण्याच्या दोन्ही बाजूंना कातडी काळपट, गुळगुळीत आणि केस नसलेली होती. अंबारीचे ते वळ आहेत, असे सांगण्यात आले.

हिवाळा असल्याने काहींच्या अंगावर जाड पांघरुणे बांधलेली होती. या भागात थंडीत पारा शून्याच्या जवळ जातो. आसपासच्या गावांतल्या स्त्रियांनी हत्तींसाठी रंगीबेरंगी लोकरीच्या झुली विणल्या होत्या, त्यांची छायाचित्रे २०१७ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत सर्वत्र आली होती. थंडीच्या दिवसांत दुखऱ्या सांध्यांना लवंगेच्या कोमट तेलाने मालीश करतात, हेही तिथे कळले.

पण त्या दिवसात मी सर्वांत जास्त वेळ जे पाहिले ते हत्तीचे पाय. लोखंडी गजांच्या पलीकडे हत्तीण उभी होती आणि अलीकडे माहूत एका बुटक्या चौरंगावर बसला होता. त्याने हाक मारताच तिने पुढचा पाय उचलून गजांमधल्या आडव्या दांड्यावर ठेवला. हातात अंकुश नव्हता, शेजारी केळ्यांची बादली होती. प्रथम त्याने कोमट औषधी पाण्याने पाय धुतला, मग तळव्याच्या भेगांत अडकलेले खडे एकेक करून काढले, आणि शेवटी लोहाराकडे असते तशी कानस घेऊन वाढलेली नखे घासू लागला. एका नखाच्या वर गळू होऊन फुटले होते, ती जखम नाण्याएवढी होती आणि तो ती रोज साफ करतो असे म्हणाला. मधेच तिला कंटाळा आला, तिने पाय काढून घेतला आणि ती चार पावले दूर गेली. तो थांबला. पुन्हा ती आपण होऊन आली तेव्हाच काम पुढे सुरू झाले. "नको म्हणाली तर?" असे मुलीने विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला की मग उद्या करू.

पलीकडच्या कुंपणात एक हत्तीण जागच्या जागी डुलत होती, डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मुलीला वाटले ती नाचते आहे. मलाही लहानपणी सर्कशीत तसेच वाटले होते. ते नाचणे नसते. एका पायाला साखळी असताना जेवढी हालचाल करता येते तेवढीच ती हालचाल असते, आणि साखळी निघाल्यावरही ती कित्येक वर्षे अंगातून जात नाही.

आम्हाला कोणत्याही हत्तीला हात लावू दिला नाही, सोंडेने आशीर्वाद नाही, पाठीवर बसणे नाही, अंघोळ घालणे नाही. ज्यांना ते हवे असेल त्यांनी तिथे जाऊ नये. आम्हाला मात्र तो दिवस अपुरा वाटला.

---

दख्खनचा_पाहुणा | सोमवार, १९ जानेवारी २०२६, सकाळी ८.१५

अतिशय तपशीलवार लेखन, आभार. व्यवहाराचे दोन प्रश्न आहेत. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना चालणे कितपत पडेल? आणि हत्तींचे रुग्णालय याच आवारात आहे का?

---

आंबेगावकर | सोमवार, १९ जानेवारी २०२६, दुपारी १.०५

चालणे फार नाही, परंतु वाट मातीची आहे आणि बसायला जागोजागी बाके नाहीत. सासूबाई एकाहत्तरच्या आहेत, त्यांना काठीच्या आधाराने जमले. बूट घालावेत, चपला नकोत. रुग्णालय केंद्राला लागूनच आहे आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झालेले ते भारतातले हत्तींसाठीचे पहिले रुग्णालय. उठू न शकणाऱ्या हत्तीला उचलण्याचे यंत्र, कुठेही नेता येणारे क्ष-किरण यंत्र, लेसर उपचार, सोनोग्राफी अशी सोय तिथे आहे. आम्ही गेलो त्या दिवशी एका हत्तीवर उपचार चालू असल्याने आत नेले नाही, आणि ते योग्यच होते.

वेळ उरल्यास त्याच महामार्गावर आग्र्याच्या बाजूला कीठमच्या सूर सरोवर परिसरात याच संस्थेचे अस्वलांचे केंद्र आहे. दरवेशी नाचवत असत ती अस्वले तिथे आहेत. दोन्ही एका दिवसात होतात, पण घाई करून करू नयेत.

---

पशुवैद्य_विदर्भ | सोमवार, १९ जानेवारी २०२६, रात्री १०.३०

आंबेगावकरताई, आपण पायांकडे पाहिलेत याचा व्यवसायाने पशुवैद्य असल्याने मला विशेष आनंद झाला. पाळीव हत्ती बहुधा पायांनीच मरतो, हे आमच्या क्षेत्रातल्या लोकांना ठाऊक असते, पण पाहणाऱ्याची नजर सोंडेवर आणि सुळ्यांवर खिळलेली असते.

थोडे खुलासेवार सांगतो. हत्तीच्या पायातली हाडे पाहिली तर तो जवळजवळ चवड्यांवर उभा असतो आणि टाचेच्या जागी चरबीची जाड गादी असते. तीन-चार टनांचा भार ही गादी झेलते. जंगलात हत्ती रोज मैलोन् मैल मऊ मातीतून, चिखलातून, पाण्यातून चालतो, त्यामुळे तळवा आणि नखे वाढतात त्याच वेगाने झिजतात. त्याच हत्तीला सिमेंटच्या कोब्यावर एका जागी बांधले की झीज थांबते, नखे वाढून कातडीत रुततात, स्वतःच्याच मूत्रात उभे राहून तळवा भिजतो आणि भेगा पडतात. भेगेत एक खडा किंवा काचेचा तुकडा गेला की आत गळू धरते. मग तो त्या पायावर भार टाकत नाही, उरलेल्या तिन्हींवर टाकतो, आणि काही वर्षांत ते तिन्ही सांधेही जातात. डांबरी रस्त्यावरची उन्हाळ्यातली मिरवणूक म्हणजे तर चटकेच. हत्तीला घाम फक्त नखांच्या मुळांशी येतो, बाकी अंग थंड ठेवायला त्याच्याकडे कान, सावली आणि पाणी एवढेच असते.

दातांचेही असेच आहे. हत्तीला आयुष्यात दाढांचे सहा संच येतात. शेवटचा संच झिजला की समोर चाऱ्याचा ढीग असूनही तो उपाशी राहू शकतो. पूर्ण वाढलेल्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, आणि म्हाताऱ्या हत्तीला तो चिरून, शिजवून, मऊ करून द्यावा लागतो. हे काम कोण करणार, हा प्रश्न हत्ती दान करणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने विचारलेला मी अजून ऐकलेला नाही.

---

रेवा_१९८५ | मंगळवार, २० जानेवारी २०२६, दुपारी १२.५०

वाचताना मन अस्वस्थ झाले. मागच्या वर्षी जयपूरला आमेरच्या किल्ल्यावर आम्ही चौघे दोन हत्तींवर बसून गेलो. मुलांची हौस होती. हत्तीसारख्या प्रचंड प्राण्याला दोन माणसांचे वजन ते काय, असा विचार तेव्हा मनात आला होता. तो चुकीचा होता का, हे कृपया कोणी स्पष्ट सांगावे.

---

पशुवैद्य_विदर्भ | मंगळवार, २० जानेवारी २०२६, रात्री ९.२०

रेवाताई, आपल्याला दोष देण्याचा हेतू अजिबात नाही. हत्ती अंगाने मोठा असला तरी त्याची पाठ घोड्यासारखी नसते. कण्याच्या मणक्यांवर वरच्या दिशेने हाडांचे उंचवटे असतात, आणि त्यांवर फक्त कातडी. हौदा, त्याखालची गादी, दोराने आवळलेले पोट, वर दोन माणसे आणि माहूत, हा सगळा भार नेमका त्या उंचवट्यांवर येतो. एका फेरीने काही बिघडत नाही असे वाटते, पण हत्तीच्या वाट्याला ती एक फेरी नसते. दगडी चढ, उन्हाची वेळ, आणि असे वर्षानुवर्षे. आंबेगावकरताईंनी त्या म्हाताऱ्या हत्तिणीच्या पाठीवर जे पाहिले ते याचेच. आमेरला पायी जाता येते, जीपही मिळते.

---

पंचगंगाकाठ | बुधवार, २१ जानेवारी २०२६, सकाळी ७.४५

मी शिरोळ तालुक्यातला आहे, म्हणून हा धागा वाचून गप्प बसवत नाही. आमच्या नांदणी मठातली माधुरी, म्हणजे महादेवी, जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानंतर गुजरातेत वनताराला नेली गेली. तीन दशकांहून अधिक काळ ती आमच्या गावची होती. तिला नेले त्या दिवशी माझी आई जेवली नाही. ऑगस्टमध्ये नांदणीहून कोल्हापूरपर्यंत जी मूक पदयात्रा निघाली तीत मी चाललो आहे. तिच्यावर आमचे प्रेम नव्हते असे कोणी म्हणाले तर ते मी मान्य करणार नाही.

तरीही आपला पायांबद्दलचा मजकूर मी दोनदा वाचला. मी तिला शेकडो वेळा पाहिले, तिच्या सोंडेवर हात फिरवला, पण तिच्या तळव्याकडे एकदाही पाहिले नाही. ते पाहायचे असते हेच माहीत नव्हते. ज्योतिबाच्या सुंदर हत्तीला २०१४ मध्ये बंगळूरजवळच्या बन्नेरघट्ट्याला नेले तेव्हाही आमच्या जिल्ह्यात अशीच दुफळी झाली होती. दोन्ही वेळा भांडण हत्ती कोणाचा यावर झाले.

माझा प्रश्न प्रामाणिक आहे. मथुरेच्या केंद्रात जे हत्ती आहेत, त्यांना त्यांच्या जुन्या माणसांची आठवण होत नसेल का?

---

आंबेगावकर | बुधवार, २१ जानेवारी २०२६, रात्री १०.१५

दादा, आपला प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आले. आपल्या आईंच्या दुःखाला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही.

आपण विचारले तेच मी तिथल्या माहुताला विचारले होते. तो म्हणाला की हत्तीला माणूस आठवतो आणि माणसाची चांगली-वाईट वागणूकही आठवते. काही हत्ती आल्यानंतर पहिले कित्येक दिवस रात्री आवाज करतात, खात नाहीत. त्यांना दुसऱ्या हत्तीची सोबत देतात. हत्तीण ही कळपात राहणारी आहे. माणसाने कितीही जीव लावला तरी दुसऱ्या हत्तिणीच्या अंगाला अंग लावून उभे राहणे तो तिला देऊ शकत नाही, आणि आपल्याकडच्या देवस्थानांतले हत्ती बहुधा एकेकटेच असतात. मी तिथे दोन हत्तिणी पाहिल्या, त्यांतली एक आंधळी होती. डोळस हत्तीण पुढे चालायची, मधे थांबून सोंड मागे करायची, आंधळीने त्या सोंडेला सोंड लावली की पुन्हा चालू लागायची. पाण्यापर्यंत त्या अशाच गेल्या. हा क्रम कोणी शिकवलेला नव्हता.

---

वाटाड्या_सुहास | गुरुवार, २२ जानेवारी २०२६, सायंकाळी ६.३०

पर्यटनाच्या व्यवसायात बरीच वर्षे असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. अभयारण्य, आश्रय, बचाव केंद्र, हे शब्द आता पाटीवर कोणीही लिहितो. थायलंडमध्ये १९८९ साली जंगलतोडीवर बंदी आल्यावर लाकूड ओढणारे हत्ती मोठ्या संख्येने बेकार झाले आणि पर्यटनात आले. तिथे चियांग माईच्या आसपास आपली मंडळी आता मोठ्या प्रमाणावर जातात, आणि हत्तीला अंघोळ घालण्याचा कार्यक्रम हौसेने घेतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत गटामागून गट येतो आणि तोच हत्ती प्रत्येक गटाबरोबर पाण्यात उतरतो. हत्तीला पाणी आवडते हे खरे, पण कधी उतरायचे हे त्याने ठरवायचे असते. एलिफंट नेचर पार्कसारख्या जाणत्या केंद्रांनी पर्यटकांकडून अंघोळ घालणे बंद केले आहे.

मी माझ्या प्रवाशांना सांगतो की नोंदणी करताना एकच प्रश्न विचारा, हत्तीने आज यायला नकार दिला तर तुम्ही काय कराल? उत्तर द्यायला जे गडबडतात तिथे जाऊ नका. आंबेगावकरताईंच्या मुलीने नेमका हाच प्रश्न विचारला, याचे मला फार कौतुक वाटले.

---

पशुवैद्य_विदर्भ | शुक्रवार, २३ जानेवारी २०२६, रात्री ८.५०

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आपल्याच राज्यातली एक जागा सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे, राज्यातला अशा प्रकारचा एकमेव शासकीय कॅम्प. पूर्वी साग ओढण्याच्या कामासाठी ठेवलेल्या हत्तींची पुढची पिढी तिथे आहे. २०२२ मध्ये यांतले काही हत्ती गुजरातेत हलवण्याचा विषय निघाला तेव्हा स्थानिकांनी जोरदार विरोध केला आणि हत्ती तिथेच राहिले. तिथला क्रम साधा आहे. हत्ती जंगलात चरायला सोडतात, सकाळी माहूत आणि चाराकटर त्यांना शोधून तलावाकाठी आणतात, खाऊ घालतात, पाहणी करतात.

आणि पायांचा विषय निघालाच आहे तर तिथली एक रीत सांगितलीच पाहिजे. दरवर्षी हिवाळ्यात या हत्तींना दहा दिवसांच्या आसपास सुट्टी देतात आणि त्यांच्या पायांचे 'चोपिंग' करतात. अनेक वनौषधी एकत्र कुटून, मोठ्या कढईत शिजवून, तो गरम लेप तळव्यांवर चोपून बसवतात. भेगा भरतात, तळवा टणक राहतो. पहाटे शेकोटीच्या उजेडात हे काम चालते. त्या दिवसांत कॅम्प पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून हिवाळ्यात निघण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करावी.

नागपूरहून एका दिवसात जाऊन येणे अवघड आहे. आदल्या रात्री आलापल्लीला किंवा अहेरीला मुक्काम करावा आणि सकाळी लवकर निघावे, म्हणजे तलावाकाठची वेळ साधते.

---

पंचगंगाकाठ | शनिवार, २४ जानेवारी २०२६, सकाळी ९.००

डॉक्टरसाहेब, आभारी आहे. आईला घेऊन एप्रिलच्या आत कमलापूरला जाण्याचे ठरवतो आहे. तिला मथुरेचा प्रवास झेपणार नाही. चोपिंग संपल्यावर साधारण कधी गेलेले बरे, आणि ते औषध करणाऱ्या माणसांशी बोलता येईल का? आईला त्यांना भेटायचे आहे, हत्तीला हात लावायचा तिचा आग्रह नाही.

---

पशुवैद्य_विदर्भ | शनिवार, २४ जानेवारी २०२६, दुपारी २.१०

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात या. ऊन फार झालेले नसते आणि तलावाला पाणी असते. माहूत मंडळी मोकळेपणाने बोलतात, फक्त सकाळी खाऊ घालण्याचे काम आटोपेपर्यंत थांबावे लागेल. आईंसाठी एक घडीची खुर्ची बरोबर घ्या.